बिनफोटोचं पाकीट : एका पानटपरीवाल्याचं खुलं पत्र

प्रति,
मा. मंत्री, सार्वजनिक आरोग्य, महाराष्ट्र राज्य
मा. आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य
मा. पोलीस महासंचालक, महाराष्ट्र राज्य

विषय : आरोग्याचा इशारा नसलेल्या, चोरट्या मार्गाने आलेल्या सिगारेटींची उघड विक्री आणि त्यावरचा एक हजार रुपयांचा दंड.

महोदय,
स. न. वि. वि.

पनवेल तालुक्यात, न्हावा शेवा बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या रस्त्यालगत माझी सहा बाय चारची पानटपरी आहे. बावीस वर्षं झाली. तंबाखू विकणाऱ्याने आरोग्य खात्याला पत्र लिहावं याचं तुम्हाला हसू येईल. येऊ दे. मी विकतो त्या मालाने माणसं मरतात हे मला माहीत आहे. पाकिटावर तसं छापलेलंच असतं आणि ते पाकीट दिवसातून शंभर वेळा माझ्या हातातून जातं. ज्या पाकिटांवर ते छापलेलं नसतं, त्यांच्याबद्दल आज बोलायचं आहे.

निमित्त सांगतो. पंधरा दिवसांपूर्वी भर दुपारी दोन माणसं टपरीवर आली. ओळखपत्र दाखवलं. अठरा वर्षांखालच्यांना तंबाखू विकणं गुन्हा आहे, ही पाटी कुठे आहे, असं विचारलं. पाटी होती. पण आदल्या आठवड्यात एका ट्रेलरने माझ्या टपरीचा पुढचा पत्राच ओढून नेला, तेव्हापासून ती आत सुपारीच्या डब्यामागे उभी होती. मी काढून दाखवली. साहेबांनी टेप लावली. साठ सेंटिमीटर बाय तीस सेंटिमीटर, चोख. तरी दर्शनी भागात नाही म्हणून २०० रुपये. भरले. पावती मिळाली, त्याबद्दल खरंच आभार. मग दोघे रस्ता ओलांडून समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेले. त्या टपरीत काचेमागे, चॉकलेटच्या बरणीशेजारी, लाल-सोनेरी पाकिटांची उतरंड लावलेली आहे. एकावरही इशाऱ्याचा फोटो नाही. साहेबांनी चहा संपवला, पैसे दिले आणि गाडीत बसून निघून गेले.

त्या दोघांवर माझा राग नाही. त्यांना त्या दिवशी पाट्याच तपासायला सांगितलं असेल. पण पाटीसाठी टेप निघते आणि पाकिटाकडे कुणाची नजरही जात नाही, हे बावीस वर्षांत मी इतक्या वेळा पाहिलंय की आता गप्प बसवत नाही.

दुसऱ्या दिवशी माझ्या थोरल्याला पाठवून त्यातलं एक पाकीट आणवलं. १२० रुपये. बिल मागितलं तर तिथला पोरगा हसला. आत्ता हे लिहिताना ते पाकीट आणि माझ्याकडचं एक, अशी दोन्ही समोर ठेवली आहेत.

माझ्याकडच्या पाकिटावर पुढून आणि मागून ८५ टक्के जागा इशाऱ्याची. ६० टक्के फोटो आणि २५ टक्के अक्षरं. हे १ एप्रिल २०१६ पासून सुरू झालं. तेव्हा कंपन्यांनी काही दिवस कारखानेच बंद ठेवले होते, आणि आम्ही रिकाम्या फळ्या पुसत बसलो होतो. पाकिटावर किंमत आहे, बनवणाऱ्याचं नाव-पत्ता आहे, महिना आहे. आणि १८००-११-२३५६ हा फुकट फोनचा नंबर आहे, व्यसन सोडायचं असेल त्याच्यासाठी. या नंबरची मीही चेष्टाच करायचो. मग एक दिवस नांदेडकडचा एक ड्रायव्हर, माझं रोजचं गिऱ्हाईक, पाकीट उलटं करून तो नंबर लावून बसला. माझ्याच बाकड्यावर. पंधरा मिनिटं बोलला. आता येतो तेव्हा बडीशेप घेतो आणि मला डोळा मारतो. गिऱ्हाईक गेलं माझं, पण त्याचं वाईट वाटत नाही.

दुसरं पाकीट. बारीक, लांबट, हाताला गुळगुळीत. सोनेरी अक्षरं, त्यातली अर्धी कुठल्या भाषेतली ते कळत नाही. फोटो नाही, किंमत नाही, कुणी आयात केलं त्याचं नाव नाही, तारीख नाही, फोन नंबर नाही. आतल्या कांडीच्या फिल्टरमध्ये एक गोळी आहे. दोन बोटांनी दाबली की टक् करून फुटते आणि धुरात पुदिन्याचा वास उतरतो. दुसऱ्या एका जातीच्या कांड्यांना लवंगेचा वास असतो, तो बोटांवरून दोन दिवस जात नाही. हात धुऊन जेवायला बसलं तरी आमटीत लवंग पडल्यासारखं वाटतं.

आता माझं गाऱ्हाणं.

पहिलं आणि सगळ्यात मोठं, दंडाचं. कायदा नाही असं कुणी म्हणू नये. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा, ज्याला सगळे कोटपा म्हणतात, त्याचं कलम ७ साफ आहे. ठरवून दिलेला इशारा पाकिटावर नसेल तर ती सिगारेट बनवायची नाही, पुरवायची नाही, विकायची नाही आणि बाहेरच्या देशातून विक्रीसाठी आणायचीही नाही. निकोटिन आणि टार किती, हेही छापायला त्याच कलमात सांगितलंय. पाकिटावर किंमत आणि आयात करणाऱ्याचं नाव हवं, हे वैधमापनाचे, म्हणजे वजनमापांचे, नियम वेगळे सांगतात. म्हणजे समोरच्या काचेमागचं एकेक पाकीट दोन-तीन कायदे मोडून बसलंय.

पण हे पाकीट विकताना सापडलं तर होतं काय? कलम २०. विकणाऱ्याला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुसऱ्यांदा दोन वर्षांपर्यंत कैद आणि ३,००० रुपयांपर्यंत दंड. कैद कागदावर आहे, आमच्या रस्त्यावर या पाकिटापायी कुणी आत गेल्याचं मी ऐकलेलं नाही. उरले १,००० रुपये. हिशेब करू. मला सप्लायरने सांगितलेला भाव असा, की वीस कांड्यांचं पाकीट सत्तरला पडेल, शंभरला विका, एकशेवीसला विका, तुमची मर्जी. पाकिटामागे तीस ते पन्नास सुटतात. दहा पाकिटांच्या बॉक्सला तीनशे ते पाचशे. म्हणजे दोन-चार बॉक्स विकले की आख्ख्या गुन्ह्याचा दंड वसूल. उलट माझ्या फोटोवाल्या पाकिटावर शंभर रुपयांमागे पाच-सात रुपये मिळाले तर नशीब, आणि पाटी आडवी पडली की त्यातले दोनशे गेले.

याच देशात २०१९ साली ई-सिगारेटवर बंदी आली. आधी सप्टेंबरमध्ये अध्यादेश, मग डिसेंबरात कायदा. ती विकली तर पहिल्याच वेळी १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर ५ लाख आणि तीन वर्षं. नुसती साठवून ठेवली तरी ५० हजारांपर्यंत. बॅटरीवरच्या नळीला एक लाख आणि कुठल्या कारखान्यात काय भरलंय त्याचा पत्ता नसलेल्या कांडीला एक हजार, हे गणित कुणी समजावून सांगेल का?

कायदा केंद्राचा आहे, आमच्या हातात काय, असं उत्तर येईल. मुंबईत कमला मिलची आग लागली २९ डिसेंबर २०१७ ला. चौदा माणसं गेली. त्यानंतर २०१८ साली याच महाराष्ट्राने याच कोटपा कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती करून हुक्का पार्लर बंद केली. शिक्षा एक ते तीन वर्षं, दंड ५० हजार ते १ लाख. मनात आलं तेव्हा जमलं ना?

दुसरं गाऱ्हाणं. हे लिहू की नको, यावर घरात दोन दिवस वाद झाला. बायको नको म्हणाली. मागच्या वर्षी मी या मालाबद्दल एका कार्यालयात लेखी तक्रार दिली होती. कुठल्या ते सांगत नाही, मला तिथे पुन्हा जावं लागणार आहे. तिथल्या बाईंनी अर्ज वाचला आणि विचारलं, "तुमच्याकडे पुरावा काय?" मी म्हटलं, "मॅडम, काचेमागे लावलेत. चालत या, तीन मिनिटं." त्यांनी शिक्का मारून पोच दिली. तिसऱ्या दिवशी सकाळी, मी पानं पुसत होतो तेव्हा, स्कूटीवरून माल टाकणारा पोरगा आला. पंचविशीचा असेल. गाडी बंदही केली नाही. म्हणाला, "काका, तक्रार करायला गेला होतात म्हणे. कशाला उन्हातान्हात जाता?" एवढंच. आवाज चढवला नाही, शिवी नाही. जाताना मावा मागितला, तो मी ठेवत नाही.

माझा अर्ज आणि त्याचा कान यांच्यामध्ये किती माणसं असतील, ते तुम्ही शोधा. मला एवढंच कळलं की पोच मला मिळाली आणि बातमी त्याला.

तिसरं, सुट्या सिगारेटी. इथे मी स्वतः आरोपी आहे. राज्य सरकारने सप्टेंबर २०२० मध्ये सुटी सिगारेट आणि सुटी बिडी विकायला बंदी केली. कारण योग्य होतं. सुटी घेणाऱ्याला पाकीट दिसतच नाही, मग ८५ टक्के फोटो छापून उपयोग काय? मी आदेश वाचला आणि पुढचे दोन महिने खरंच फक्त पाकीट विकलं. धंदा निम्म्याच्या खाली आला, कारण रस्त्यावरच्या बाकी सगळ्या टपऱ्यांवर सुटी चालू होती, टपरीच्या खांबाला दोरीने बांधलेल्या लायटरसकट. मग मीही सुरू केलं. आजही विकतो. यावर मला दंड करा, मी भरीन. पण सगळ्यांना एकाच दिवशी करा. शेजारचा विकतोय म्हणून मी विकतोय आणि मी विकतोय म्हणून शेजारचा, असं सहा वर्षं चाललंय. बिनफोटोचा माल याच सुटीच्या आडून खपतो. एक कांडी हातात घेणाऱ्याला ती कुठल्या पाकिटातून निघाली हे कोण सांगणार? गुटख्याचं तर बोलायलाच नको. २०१२ पासून बंदी आहे म्हणतात. आमच्या रस्त्यावर विचारा.

चौथं, पोरं. आमच्याकडून शंभर यार्डांच्या बाहेर, पण चालत पाच मिनिटांवर एक कॉलेज आहे. (शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकायची नाही, असं कायदा म्हणतो, पोरांचे पाय त्याहून लांब जातात.) तिथली मुलंमुली समोरच्या टपरीवर येतात ती त्याच बारीक कांड्यांसाठी. माझ्याकडे एकदा एकजण चुकून आला. मिशी नुकती फुटलेली. "ती पुदिन्याची आहे का?" नाही म्हटलं. "मग कुठली माइल्ड आहे?" मी विचारलं, तुला कुणी सांगितलं ती माइल्ड असते? तर म्हणाला, "त्यावर तो कॅन्सरचा फोटो नसतो ना." मी पंचवीस-तीस शब्दांत जे सांगायचं ते सांगितलं, अठराचा पुरावा मागितला, तो गेला. गेला म्हणजे रस्ता ओलांडून गेला. तुमच्या खात्याने फोटो छापण्यासाठी एवढी वर्षं कंपन्यांशी भांडण केलं, आणि त्या फोटोचा अर्थ पोरांनी असा लावला, की जिथे नाही तिथे धोका नाही. मला वाटतं या पत्रातलं दुसरं काही वाचलं नाही तरी एवढं वाचा.

आता तो माल येतो कुठून, यावर मी फार बोलू शकत नाही. मी रस्त्याच्या कडेला बसतो, बंदराच्या आत नाही. महसूल गुप्तचर संचालनालय, म्हणजे डीआरआय, कंटेनर पकडतं, ते पेपरात वाचतो. न्हावा शेव्यात एकदा चिंच म्हणून आलेल्या कंटेनरमधून सिगारेटी निघाल्या होत्या. चिंचेच्या मागे सिगारेट! टपरीवर आम्ही आठवडाभर हसत होतो. पण पकडला तो कळला. सुटलेला कंटेनर माझ्या टपरीसमोरूनच जातो आणि पंधरा दिवसांनी त्यातलं पाकीट स्कूटीवरून परत माझ्याच रस्त्यावर येतं. मधल्या पंधरा दिवसांत तो माल कुठल्या तरी गोदामात असतो, आणि गोदामाला भिंती असतात, शटर असतं, वीजबिल असतं, मालकही असतो.

या मालाचा माग काढायची सोय जगाने कधीच शोधली आहे. तंबाखूच्या अवैध व्यापाराविरुद्धचा जो आंतरराष्ट्रीय करार आहे, त्यात भारत २०१८ साली सामील झाला आणि त्याच वर्षी २५ सप्टेंबरला तो लागू झाला. सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर पुसता किंवा काढता न येणारी, वेगळी ओळखखूण पाच वर्षांत आणायची, असं त्यात आहे. सप्टेंबर २०२३ कधीच मागे पडलं. २०२५ च्या वित्त कायद्याने जीएसटी कायद्यात कलम १४८-अ घातलं, तेही अशाच खुणेसाठी. माझ्या फळीवरच्या पाकिटांवर मोबाइल धरून खरं-खोटं ओळखता येईल अशी खूण मला अजून सापडलेली नाही. दुधाच्या पिशवीपेक्षा सिगारेटचं पाकीट महाग आहे, एवढं तर होऊ शकतं.

एक गैरसमज आधीच काढून टाकतो. १ फेब्रुवारी २०२६ पासून सिगारेटवर ४० टक्के जीएसटी आणि वर कांडीच्या लांबीप्रमाणे हजारामागे उत्पादन शुल्क लागलं. भाव चढले. लगेच कंपन्यांच्या बाजूचे लोक बोलू लागले, कर वाढला की चोरटा माल वाढतो, म्हणून कर कमी करा. माझं पत्र त्यांच्या फायलीत लावू नका. कर वाढल्यावर माझ्याकडे रोज दहा घेणारे सहावर आले, हे मी डोळ्यांनी पाहतोय. चोराने कडी काढली म्हणून कुणी घराचं दार उखडून टाकत नाही. कर राहू द्या. फक्त जो कर न भरता, फोटो न छापता येतो, त्याला अडवा.

मागण्या साध्या आहेत.

१. कलम २० चा दंड वाढवण्यासाठी विधिमंडळात राज्यापुरती दुरुस्ती आणा, हुक्क्याच्या वेळी आणली तशी. केंद्राने २०२० च्या अखेरीस कोटपा दुरुस्तीचा मसुदा लोकांसमोर ठेवला होता, त्याचा अजून कायदा झालेला नाही. त्याची वाट पाहू नका. आणि शिक्षेत फरक ठेवा. चार पाकिटं ठेवणारा टपरीवाला आणि चारशे बॉक्स ठेवणारा गोदामवाला एकाच मापाने मोजू नका.

२. तपासणीला येणाऱ्यांच्या छापील नमुन्यात पाटीच्या रकान्याआधी एक रकाना घाला : फोटो नसलेली पाकिटं किती सापडली, आणि ती कुणी पुरवली. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आल्याशिवाय तपासणी पुरी झाली असं धरू नका. कायद्याने फौजदार आणि त्यावरचे पोलीस अधिकारी तसंच अन्न व औषध प्रशासनातले त्याच दर्जाचे अधिकारी झडती घेऊ शकतात. म्हणजे अधिकार आहे, माणसं आहेत.

३. तक्रारदाराचं नाव अर्जापासून वेगळं ठेवा. अर्जाला नंबर द्या आणि महिन्याभरात त्या नंबरवर काय झालं ते लेखी कळवा.

४. सुट्या विक्रीच्या बंदीची अंमलबजावणी जिल्ह्यात एकाच दिवसापासून करा आणि तो दिवस आधी जाहीर करा. माझ्याकडे त्या दिवशी पहिले या.

५. पाकिटावरची ओळखखूण सामान्य गिऱ्हाइकाला मोबाइलवर तपासता येईल अशी करून घ्या, आणि ती नसलेलं पाकीट बेकायदा, हे मराठीत जाहीर करा.

हे पत्र मुलीने टाइप करून दिलं. तिने मध्येच विचारलं, "बाबा, तुम्ही तंबाखू विकणंच बंद का करत नाही?" मी तिला म्हटलं, तो परिच्छेद वेगळा लिहू.

समोरच्या टपरीवरून आणलेलं पाकीट मी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, वर तारीख लिहून ठेवलं आहे. एकोणीस कांड्या आहेत, एक मी गोळी कशी फुटते ते बघायला दाबली. ज्या अधिकाऱ्याला पंचनामा करायचा असेल त्यांनी यावं. टपरी सकाळी सहाला उघडते, पाटी आता समोरच लावली आहे.

आपला,
एक पानटपरीवाला, पनवेल तालुका